राखेच्या रंगाच्या चाळीस लड्या

"काकी, सही करा!" गटाचं लिहिणं सांभाळणाऱ्या राहीने ठरावाची वही पुढ्यात सरकवली, आणि मालनच्या काळजात जणू कुणी सुरी फिरवली...

देवरूखजवळच्या वाडीतल्या त्या मागघरात चौदा बायका भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. मधोमध पडल्या होत्या सुताच्या चाळीस लड्या. आंब्याच्या सालीच्या काढ्यात शिजून पिवळ्याधमक व्हायच्या, त्या झाल्या होत्या चुलीतल्या राखेसारख्या! सालीचा काढा तांब्याच्या भांड्यात करायचा, लोखंड लागलं की तो काळवंडतो, हे नऊ वर्षं या बायकांच्या डोक्यात कुणी भरवलं? मालननेच. आणि जी सूत नासवील तिचा माग वर्षभर बंद, हा नियमही तिचाच!

कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती तिची सून, नम्रता. "लोखंडी कढई मीच घेतली. माझंच चुकलं," एवढंच ती सकाळपासून म्हणत होती, आणि ठरावात नावही तिचंच होतं.

खोटं! साफ खोटं!

कढई चढवली होती मालनने. चार दिवसांपूर्वी सून म्हणाली होती, "आई, तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही बसून सांगा, उकळायचं आम्ही बघतो." किती मायेने बोलली होती पोर! पण मालनच्या अभिमानी मनाला वाटलं, ही कालची आलेली आपल्याला अडगळीत टाकायला निघाली. तेव्हापासून तिने अबोला धरला. काल पहाटे तांब्याचं घंगाळ माळ्यावर होतं, तिचा हात पोचेना. सून आत भाकऱ्या थापत होती. एक हाक मारली असती तर...! पण जीभ वळली नाही. 'एका उकळीने काय होतंय,' म्हणत तिने मागल्या दारी लोखंडी कढई चुलीवर ठेवली, आणि घात झाला. नंतर सून तीच कढई गुपचूप घासून जागेवर ठेवताना तिने पाहिली होती. पाहिली, आणि तोंड फिरवलं!

"सासूच्या हाताखाली राहून एवढं कळू नये?" भिंतीशी बसलेली राजश्री फणकारली. "हिला मागावर बसवलंत कशाला?"

नम्रताने आपल्या मागाकडे पाहिलं. अर्धवट विणलेल्या ओढणीवर तिची नजर क्षणभर थरथरली आणि डोळे भरून आले. ते पाहिलं मात्र, मालनच्या अंतःकरणाचा बांध फुटला.

"गप, राजश्री! तुझी जीभ मागावरच्या धोट्याहून जोरात चालते!" ती कडाडली. "ही खोटं बोलत्ये. कढई मी चढवली. ह्या मालननं!"



"आई, नको..." नम्रता कळवळली.

"नको काय? चौघींत माझी मान ताठ राहावी म्हणून तू तुझी खाली घातलीस, आणि मी... मी घालू दिली गो! कालपासून गिळून बसल्ये. घास उतरला नाय घशाखाली!"

राही चाचरत म्हणाली, "मग काकी... ठराव फाडू?"

"फाडतेस कशाला? कागद फुकट येतो होय? नाव बदल. दुसऱ्यांना लावायचा नियम मला काय चावतो? मालनचा माग वर्षभर बंद!"

नम्रता धावत आली आणि तिच्या मांडीवर कोसळली. "आई, अख्खं वर्ष! मागाशिवाय कशा राहाल तुम्ही?"

"राहीन," मालनचा आवाज चिरकला. "चार दिवस तुझ्याशी न बोलता राहिले, बाय... त्याहून कठीण काय असणार?"

तिने वही ओढली. ज्या सुनेने तिला नावाची तीन अक्षरं गिरवायला शिकवली होती, तिच्या डोक्याशेजारी वही टेकवून तिने सही केली. अक्षरं वाकडीतिकडी आली, शाई आसवांत फुटली... पण दुसरा हात सुनेच्या केसांवरून काही केल्या उठेना!