धारेवरचे गुरुवार

लोणारला दैत्यसूदनाच्या मंदिरात तिन्हीसांजा झाल्या की अंधार आधी छतातून उतरतो, मग खांबांवरून, आणि सगळ्यात शेवटी उंबऱ्याशी येऊन थांबतो. कोकिळा त्या वेळी सहसा तिथं नसायची. पण त्या दिवशी अकोल्याच्या शिक्षकांचा घोळका रिक्षात बसवून दिल्यावर तिला आठवलं, आपली पाण्याची बाटली आतच राहिली. ती परत वळली... आणि तो दिसला.

मान वर करून छतावरचं कोरीवकाम पाहत उभा. उंच, सावळा, पाठीवर भलीमोठी पिशवी. आणि त्याच्या शर्टाच्या खिशाभोवती चार-पाच करडे पतंग भिरभिरत होते.

"मंदिर बंद व्हायची वेळ झाली," ती म्हणाली.

तो दचकला. "हो का? मले माहीतच नव्हतं."

"आणि हे... तुमच्या ओळखीचे आहेत का?"

त्यानं खाली खिशाकडं पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला. "हे माझ्यासाठी नाही आले हो. खिशात गंध हाये. मादीचा."

"काय?"

"म्हंजे... पतंगाच्या मादीचा! कपाशीच्या बोंडात ती गुलाबी अळी असते न, तिचा हा पतंग. सापळ्यात मादीचा गंध ठेवला की नर येतेत न् अडकतेत. कामगंध सापळा म्हन्तेत त्याले..." शब्द तोंडातून निसटल्यावर तो घाईनं जवळच्या खांबाकडं पाहू लागला. "एरवी मध्यरातीशिवाय उडत नाहीत. आज काऊन इतक्या लवकर आले, काय मालूम."

"त्यांनाही कळलं असंल, मंदिर बंद होतंय म्हणून."

तो हसला. अंधार उंबऱ्याशी आला होता, तरी ते हसू तिला नीट दिसलं.

ही दोन हजार अठरा सालची गोष्ट. आदल्या वर्षी बोंडअळीनं जिल्ह्यातली कपाशी आतून पोखरली होती. म्हणून यंदा एका प्रकल्पानं गावोगाव सापळे टांगले होते आणि दर आठवड्याला त्यातले पतंग मोजायला माणसं नेमली होती. लोणारच्या शिवारातले सापळे मुकुंदकडं आले. तो नांदुऱ्याचा. गुरुवारी पहाटेच्या बसनं यायचा, दिवसभर शेतं हिंडायचा आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचा.

कोकिळा चोवीस वर्षांची, इतिहासात बी. ए. झालेली. आलेल्या पाहुण्यांना ती सरोवर दाखवायची. गोमुखाची धार, दैत्यसूदन, आडवा झोपलेला मोठा मारुती, आणि मग झाडीतल्या पायवाटेनं थेट विवरात, कमळजादेवीपर्यंत. सुरुवातीला चहाच्या टपरीवरचे लोक हसले होते, पोरगी काय वाट दाखवणार म्हणून. आता तेच लोक पाहुणे तिच्याकडं पाठवत.

पुढच्या गुरुवारी मुकुंद धारेवर भेटला. योगायोगानं, असं तो म्हणाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो तेवढंही म्हणाला नाही.

थंडी पडू लागली होती. सकाळी हवा गार आणि गोमुखातून पडणारं पाणी कोमट, त्यामुळं कुंडावर पातळ वाफ तरंगायची. त्या वाफेत ओल्या साड्या, आंघोळ करणारे म्हातारे, दगडी पायऱ्या... सगळं अर्धं-अर्धं दिसायचं. मुकुंद बूट काढून खालच्या पायरीवर बसायचा, दोन्ही पाय पाण्यात सोडायचा आणि डोळे मिटायचा. पहिला पाहुणा येईपर्यंत कोकिळाही वरच्या पायरीवर बसायची.

"हे पाणी गरम काऊन असते?" त्यानं विचारलं.

"पाहुण्यांना सांगते ते सांगू, की खरं सांगू?"

"दोन्ही सांगा."

"पाहुण्यांना सांगते, गंगेचं पाणी जमिनीखालून येतं, चालून चालून तापतं. खरं म्हणजे ते खोल खडकातून येतं."

"मले चालून चालून वालं आवडलं," तो म्हणाला. "मीही तसाच येतो न... नांदुऱ्याहून."

"मले!" तिनं नक्कल केली. "मले, तुले, त्याले. तुमच्या तिकडं बोलताना सगळ्यांना लेच लावता का?"

"अन् तुमच्या इकडं अर्धं जालन्याचं, अर्धं बुलढाण्याचं. धड एक तरी बोला!"

वर टपरीवरून रहेमतुल्ला चाचा हे सगळं पाहायचे. गुरुवारी कोकिळा पायऱ्या उतरू लागली की ते मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "बेटी, दो कप भेजूं? तेरा जुमेरातवाला मेहमान कबका आके बैठा है." ती काहीच ऐकू न आल्यासारखं करायची. पण घरून निघताना आता ती ओढणी दोनदा बदलू लागली होती, आणि हे तिच्याशिवाय फक्त आरशाला ठाऊक होतं.

डिसेंबरच्या मध्यावर मुकुंद एका नव्या शेतात गेला. ते भगवानरावांचं होतं. भगवानराव म्हणजे कोकिळाचे वडील, तिचे आबा, हे त्याला माहीत नव्हतं. ती भाकरीचा डबा घेऊन बांधावर पोचली तेव्हा आबांचा आवाज चढलेला होता.

"उपटू? जित्याजागत्या झाडाला उपटू? पात्या लागल्यात, फुलं दिसायलीत!"

"काका, फरदड ठेवू नका एवढंच म्हनतो मी. वेचणी झाली. आता पानी देऊन उन्हाळ्यापर्यंत पऱ्हाटी उभी ठेवसान, तर अळीले घर भेटते. पुढच्या साली ती दुप्पट येईन."

"तुमी लोक!" आबांनी हात झटकला. "चार वर्सांखाली गाडीवर भोंगा लावून आले होते. ही नवी बीटी लावा, बोंडाला अळी शिवणार नाय. काय गोड आवाज होता त्या पोराचा! आमी लावली. गेल्या साली बोंड फोडलं तर आत अळीच. आता तुमी म्हणता उपटा. निघा माझ्या शेतातून."

मुकुंदचा चेहरा पांढरा पडला. तो बांधाकडं वळला, तिथं कोकिळाला पाहिलं, तिच्या हातातला डबा पाहिला... आणि तिच्या बाजूनं झपाझप निघून गेला.

पुढच्या गुरुवारी तो धारेवर आला, पण त्यानं बूट काढले नाहीत.

"तो आवाज माझा होता," तो म्हणाला.

"कोणता?"

"भोंग्यावरचा. बावीस वर्षांचा होतो, पयली नोकरी होती. बियाण्याच्या कंपनीनं कागद दिला न् मी वाचला. तवा खोटं वाटलं नव्हतं मले... गावोगाव वाचला. गेल्या साली नांदुऱ्याच्या जिनिंगासमोर किडक्या कापसाच्या गाड्या उभ्या पाह्यल्या. त्यातले किती लोक माझा आवाज ऐकून... त्या दिवशीच नोकरी सोडली."

वाफ दोघांच्या मधून सरकत होती. कोकिळाला गेल्या वर्षीची एक दुपार आठवली. आबा बांधावर बसलेले, ओंजळीत फोडलेलं बोंड, आणि तिनं तीनदा हाका मारूनही जेवायला न उठलेले.

"मला काहून सांगितलं?" तिनं विचारलं. "नसतं सांगितलं तर कुणाला कळलं असतं?"

"कोनाले नसतं कळलं. पन मग तुमच्या बाजूले बसता आलं नसतं मले."

ती उठली. पायऱ्यांवरून चार पावलं वर गेली आणि मागं न वळता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं, त्यांना सांगा."

तो आठवडा लांबला. पाहुणे आले, गेले. मोठ्या मारुतीसमोर बोलता बोलता कोकिळा मध्येच थांबली आणि एका बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का ग?" विवरातल्या झाडीत मोर ओरडत होते. हिरवं पाणी आरशासारखं निपचित पडलं होतं. या पाण्याला कुणाचं काही वाटत नाही, असं तिला उगीच वाटून गेलं.

गुरुवारी धारेची पायरी रिकामी होती. चाचांनी एकच कप पाठवला, आणि त्यावर कुठलीही थट्टा केली नाही.

दुपारी ती डबा घेऊन शेतात गेली आणि बांधावरच थांबली. अर्धं शेत आडवं झालं होतं. कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग पडले होते, आणि त्यांच्या पलीकडं दोन माणसं वाकलेली. एक आबा. दुसरा मुकुंद... हातात पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा, तळव्यांना फडकी गुंडाळलेली.

"ये," आबा कपाळ पुसत म्हणाले. "यालाही भाकर दे. सकाळी आला, एकदाच बोलला. तवापासून नुसतं उपटायलाय."

"काय बोलले?"

"म्हणला, तो भोंग्यावरचा आवाज माझा होता." आबा खाली बसले. बराच वेळ त्यांनी काळ्या मातीत बोट फिरवलं. "लय राग आला. हात उचलणार होतो. पण पोरगं हललं नाय जागचं. मग मी म्हणलं, आवाज तुझा असंल बाबा, पण कान तर माझेच होते. तो म्हणला, एक हिरवं बोंड फोडून बघा. फोडलं." त्यांनी दोन बोटांत अळीएवढं माप दाखवलं. "मग घरातून चिमटे काढले."

निंबाच्या सावलीत तिघं जेवायला बसले. मुकुंदच्या हातांना फोड आले होते. त्याला भाकरी मोडता येईना. दोनदा घास हातातून निसटला. कोकिळानं त्याच्या पुढ्यातली भाकरी उचलली, तिचे लहान लहान तुकडे केले आणि कालवणात भिजवून ताट परत सरकवलं. आबा त्या वेळी विहिरीकडं पाहत होते. फारच मन लावून पाहत होते.

जानेवारीचा दुसरा गुरुवार शेवटचा होता. धारेवर इतकी दाट वाफ होती की पलीकडची भिंतही दिसत नव्हती.

"सापळे उतरवले," मुकुंद म्हणाला. "पुढच्या हप्त्यापासून काम तिकडंच, नांदुऱ्याकडं."

"मग गुरुवार संपले."

"हाव."

पाणी पडत राहिलं. तो पायानं लहान लहान लाटा करत होता.

"कोकिळा... मले एक म्हनाचं होतं."

"म्हणा ना."

"ते..." त्यानं खोल श्वास घेतला. "पानी आज जास्तच गरम हाये."

ती इतकी हसली की वाफेत आंघोळ करणारा एक म्हातारा खोकला. "एवढं म्हणायला नांदुऱ्याहून आलात?"

"नाही." आता तो हसत नव्हता. "मले तुमी आवडता. लय. पयल्या दिवसापासून. त्या पतंगांसमोरच सांगणार होतो, पन ते ऐकत होते..."

कोकिळानं पाण्याकडं पाहिलं. मग अगदी हळू, पण चिडवण्याचा सूर न लावता ती म्हणाली, "मलेबी."

त्याला ते कळायला एक क्षण लागला. कळल्यावर तो ताडकन उठायला गेला, शेवाळलेल्या पायरीवरून घसरला आणि कमरेपर्यंत कुंडात बसला. वरून चाचांचा आवाज आला, "या अल्लाह! मेहमान डूबा क्या?"

पंधरा दिवसांनी तो आईला घेऊन भगवानरावांच्या घरी आला. अंबूबाई साठीच्या होत्या, पहाटेपासून दोन बस बदलून आलेल्या. तरी चहा होताच म्हणाल्या, "आधी तलाव पाहू. बोलनं काय, मंग होते."

भगवानरावही सोबत निघाले. कोकिळा पुढं, तिचा हात धरून अंबूबाई, आणि मागं दोघं पुरुष, एकमेकांशी पऱ्हाटीच्या जागी पेरायच्या उन्हाळी मुगाबद्दल बोलणारे. पायवाट उताराची होती. दर वळणावर अंबूबाई थांबायच्या.

"एवढा मोठा खड्डा कोनं खंदला वं?"

"आभाळातून दगड पडला होता, आई. हजारो वर्षांपूर्वी."

आई. शब्द निघून गेला होता. मागचं मुगाचं बोलणं एकदम थांबलं. अंबूबाईंनी मात्र काही न ऐकल्यासारखा तिचा हात जरा घट्ट धरला.

कमळजादेवीचं दर्शन झालं. मग कोकिळानं त्यांना पाण्याच्या काठाशी नेलं. पाहुण्यांना ती तिथं एक गंमत दाखवायची. मुकुंदला मात्र तिनं ती कधीच दाखवली नव्हती. का, ते तिचं तिला ठाऊक. देवीपुढची चिमूटभर हळद तिनं अंबूबाईंच्या तळहातावर ठेवली आणि सरोवराचं खारं पाणी ओंजळीनं वर सोडलं. पिवळी हळद बघता बघता लाल झाली... थेट कुंकवासारखी.

असं का होतं, ते पाहुणे नेहमी विचारतात. अंबूबाईंनी विचारलं नाही. त्या तळहाताकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी अनामिका त्या लालात बुडवली आणि वर उचलली.

"लावू का, पोरी?"

बोट हवेत थांबलं होतं. मुकुंद श्वास रोखून उभा होता. भगवानरावांनी टोपी काढून हातात घेतली.

कोकिळानं कुणाकडंच पाहिलं नाही. तिनं डोक्यावरची ओढणी मागं सारली, आणि कपाळ पुढं केलं.