कापलेला खर्ज

आमच्या हॉलमधले दोन उभे स्पीकर मी स्वतः बांधले आहेत. प्लायवूड कापण्यापासून आतल्या कॉइलपर्यंत सगळं माझ्या हातचं. मी एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. साने गुरुजी वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. ते स्पीकर नीट वाजावेत म्हणून मी सोफा तीनदा हलवला होता. आणि त्यांच्यावर सगळ्यात सुंदर काय वाजायचं, तर माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा आवाज.

दानेश्वरीशी माझं लग्न दीड वर्षापूर्वी झालं. तिचा पहिला नवरा मल्लेश वारला, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. शिरोळकडचा माणूस, लिंगायत मठात भक्तीची वचनं गायचा. त्याचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, बावीस मिनिटांचं, एका पेनड्राइव्हमध्ये. रोज सकाळी भाकरी थापताना ती ते लावायची. मला विचारून लावायची, आणि मी "लाव की" म्हणायचो. नातेवाइकांत माझं नाव होतं, शिवप्रसाद फार समजूतदार म्हणून.

आवाज विलक्षण होता, हे कबूल करतो. तो खर्जात उतरला की खिडकीची काच हलकेच गुणगुणायची. नेमकं तिथं दानेश्वरीचा भाकरीवरचा हात मंद व्हायचा. मी चहाचा कप हातात धरून पाहत बसायचो. माझ्या बोलण्यानं तो हात कधी मंद झाला नव्हता. माझा आवाज तर वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंतही पोचत नाही.

फेब्रुवारीत ती चार दिवस माहेरी, मलकापूरला गेली. जाताना म्हणाली, "त्या रेकॉर्डिंगात खरखर लई हाय. तुम्हाला साफ करता येईल काय?"

केलं साफ. खरखर काढली आणि तिच्याबरोबर तीनशे हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे आवाजातला खर्जच, कापून टाकलं. दहा मिनिटांचं काम. हेडफोन लावून ऐकलं, तर नाक धरून बोलणारा एखादा किरटा कारकून असावा तसा मल्लेश. मला हसू आलं. मूळ फाइल पुसली आणि त्याच नावानं ही ठेवली. दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती, हे मला माहीत होतं.

ती परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम हॉलमध्ये थांबलो. किरटा आवाज सुरू झाला. आता ती चमकून वर बघेल, म्हणून मी वाट पाहत होतो. तिचा हात मंद झाला. नेहमीच्याच जागी.

"किती मोकळा झालाय आवाज," ती म्हणाली. "खर्ज तर अंगावर येतोय की."

आठवणीनं भरून काढत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मेंदू असं करतो.

संध्याकाळी मी बातम्या लावल्या. निवेदक किरटा. तबला लावला तर डग्गा गायब, पत्र्याच्या डब्यावर कुणी नखं वाजवावीत तसं काहीतरी. दोन्ही स्पीकरचा बेस गेला होता.

पहिला संशय तारांचा. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली, तर दोघांचा बेस एकमेकांना मारतो. तारांना सेल टेकवून पाहिला, स्पीकरचे दोन्ही पडदे एकाच दिशेनं उसळले. पडद्यांच्या कडेचं रबर शाबूत, कॉइल शाबूत. कॉलेजमधला अॅम्प्लिफायर आणून जोडला. स्पीकर भिंतीला चिकटवून पाहिले. तेच.

शेवटी गाडीत घालून शाहूपुरीत आकारामकडे नेले. चाळीस वर्षं स्पीकर दुरुस्त करणारा माणूस. त्यानं तबला लावला आणि त्याच्या कपाटातले पाने-पक्कड खडखडायला लागले.

"सर, ह्यात कायबी झालेलं न्हाय," आकाराम म्हणाला. "घरात काय झालंय काय बघा."

घरी आणून लावले. पुन्हा पत्र्याचा डबा.

दुसऱ्या सकाळी मी मोजणीचा माइक लॅपटॉपला जोडला. दानेश्वरी स्वयंपाकघरात होती, मल्लेश चालू होता. स्पीकरसमोर तीनशेच्या खाली शून्य. सोफ्याजवळ शून्य. स्वयंपाकघराच्या दारात स्क्रीनवरची रेघ थोडी उचलली गेली. मी आत गेलो, तिच्या पाठीमागे उभा राहिलो. रेघ वरच्या टोकाला जाऊन थांबली.

मला तो खर्ज अजिबात ऐकू येत नव्हता.

परातीशेजारी वाटीत पाणी होतं. त्यावर बारीक वलयं उठत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. देवळातली घंटा वाजून गेल्यावर तिला बोट लावावं, तसा तो खांदा लागला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

त्या रात्री मी अॅम्प्लिफायरच्या सगळ्या तारा काढून ठेवल्या. सकाळी घरात शांतता होती. ती भाकरी थापत होती.

"आज लावलं नाहीस?"

"लावलंय की," ती म्हणाली. वाटीतलं पाणी हलत होतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. मी आवाज कापला, तर मल्लेशनं तो कापलेला भाग फक्त तिच्यासाठी ठेवला होता. मला वगळून.

कॉलेजला जाताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर थांबलो आणि पेनड्राइव्ह पाण्यात फेकला.

दुसऱ्या सकाळी वाटीतलं पाणी स्थिर होतं. माइकवर रेघ उठली नाही. दानेश्वरीनं पेनड्राइव्हबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. स्पीकर तसेच किरटे राहिले, पण मला आता बेसचं काय करायचं होतं?

रविवारी दुपारी जेवून मी सोफ्यावर आडवा झालो. ती हात पुसत आली, खाली सतरंजीवर बसली आणि माझ्या छातीवर डोकं ठेवलं.

दीड वर्षात पहिल्यांदा.

मी हललो नाही. तिच्या केसांना पिठाचा वास होता. डोळे मिटून पडून राहिलो. इतका सुखी मी कधी झालो नव्हतो.

मग माझ्या फासळ्यांच्या आत काहीतरी थरथरू लागलं. संथ, थांबून थांबून, कुणी बोलावं तसं.

मी तोंड उघडलेलं नव्हतं.

तिनं कान आणखी घट्ट दाबला. ऐकत राहिली. मधेच हसली. मग मान हलवली आणि माझ्या छातीशी ओठ नेऊन कुजबुजली,

"न्हाय. त्यांना अजून कळलेलं न्हाय."