डावखुरी नीब

शाईची शंभर पेनं दुरुस्तीला आली तर त्यातली नव्वद नुसत्या कोमट पाण्यानं बरी होतात. हे मी गिऱ्हाइकांना सांगतोही, तरी ती घरी धूत नाहीत, आणि म्हणून पाटोद्याच्या बसस्टँडसमोर माझा हा कोपरा चौतीस वर्षं टिकलाय. वह्या, कंपासपेट्या, झेरॉक्स हे सगळं पोटासाठी. काउंटरच्या टोकाला ठेवलेला चिमटा, भिंग, घासायचा बारीक दगड आणि पाण्याची वाटी मात्र हौसेसाठी. शाईनं लिहिणारे आता तालुक्यात पन्नासेक उरले असतील. त्या पन्नास जणांच्या नीबा माझ्यापुढं मिसळून टाका, मी एकेक वेगळी करून देतो.

त्यात जादू काही नाही. चप्पल जशी पायाच्या सवयीनं झिजते तशी नीब हाताच्या सवयीनं. उजव्या हातानं लिहिणाऱ्याची नीब एका बाजूनं उतरते, डावखुऱ्याची बरोबर दुसऱ्या. म्हणून जुनी माणसं आपलं पेन दुसऱ्याच्या हातात देत नसत. मी स्वतः पक्का उजवा. माझ्या डाव्या हाताला दोनच कामं, रोज सकाळी आंघोळ झाल्यावर तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, आणि दुकानात भिंग धरायचं.

माझ्या गिऱ्हाइकांत डावखुरे एकच, शहादेव गुरुजी. लिंबागणेशच्या पुढं एका वस्तीशाळेवर होते. आपण लिहितो डावीकडून उजवीकडं, त्यामुळं डावखुऱ्याचा हात आपल्याच ओल्या शाईवरून फिरत जातो. गुरुजींच्या हजेरीपटाचं पान न् पान पुसट निळं असायचं. डाव्या तळहाताची करंगळीखालची कड तर कायमची निळी. मी चेष्टा करायचो, "गुरुजी, सही राहू द्या, नुसता हात टेकवला तरी साहेब ओळखतील." ते हसायचे आणि पेन खिशाला लावून निघायचे.

आठ वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, ते शाळेला गेले आणि परत आले नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा नुकत्याच निघालेल्या, शाळेत निम्मीच पोरं. गाडी शाळेपुढं उभी, किल्ली तिला तशीच, डबा न उघडलेला. पोलिसांनी विहिरी पाहिल्या, तलाव पाहिला, कारखान्यांवर चौकशी केली. काही हाती लागलं नाही. त्या दिवशी ते पेन घरीच विसरले होते. असं कधी झालं नव्हतं, असं त्यांच्या बायकोनं, सुनिताबाईंनी मला सांगितलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्या पेन घेऊन आल्या. खंडेनवमीला आमच्याकडं जो तो आपापली हत्यारं पूजतो. तोडणीवाले कोयते पूजतात, मी माझा चिमटा आणि दगड. गुरुजी पेन पूजायचे, आणि त्याआधी माझ्याकडून धुऊन न्यायचे.

"अप्पा, धुऊन द्या," त्या म्हणाल्या. "त्यांची रीत मोडायची न्हाई."

आत शाई सुकून खडा झाली होती. मी पेन रात्रभर पाण्यात ठेवलं, सकाळी पुसून दिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षी मी टाकी उघडली आणि माझी बोटं भिजली. शाई ओली होती, निम्मी टाकी भरलेली.

"सुनिताबाई, लिहायचं नसलं तर शाई भरून ठेवू नये. नीबेखालची जीभ खराब होते."

"मी कावून भरू? कपाटातनं काढलं न् तुमच्याकडं आणलं."

मला वाटलं, त्यांच्या मुलीचं, दिपालीचं काम असेल. वडिलांची आठवण येत असेल, लिहीत असेल चार ओळी. तसं बोलून दाखवून मायलेकींत वाद कशाला लावा, म्हणून गप्प बसलो. चौथ्या वर्षी पेन त्यांच्या हातून फरशीवर पडून नीब वाकली होती. मी कोरी करकरीत नीब बसवली, जिला अजून कुणाचाच हात लागलेला नाही अशी. आणि मग, खरं सांगतो, माझ्यातला खोडकर माणूस जागा झाला. मी टाकी धुतली, दुपारभर उन्हात वाळवली, आटे घट्ट बसवले आणि जोडावर लाखेची बारीक कडी ओतली. त्या लाखेवर माझ्या अंगठ्याचा ठसा दाबला. ती फोडल्याशिवाय शाई भरता येणार नाही. पोरगी पकडली जाईल, थोडं हसू, प्रकरण मिटेल.

पाचव्या वर्षी लाख जशीच्या तशी होती. अंगठा माझाच, रेघ न् रेघ. मी ती कानशीनं फोडली. टाकी निम्मी भरलेली. नीब भिंगाखाली धरली आणि बराच वेळ धरून राहिलो.

ती झिजली होती. वर्षभर रोज लिहिल्यासारखी, आणि डाव्या हातानं.

मला अडलेलं पेन दुरुस्त करता येतं. जे अडलेलंच नाही त्याचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पेन धुतलं, पुसलं, दिलं आणि एक अक्षर बोललो नाही. बाईंनी नुकतं कुठं रडणं थांबवलं होतं. पुन्हा आशेला लावायचं कशाच्या जोरावर? त्यानंतर दर वर्षी तेच झालं, आणि दर वर्षी मी तेच केलं. याची मला लाज वाटते, पण केलं.

मागच्या कार्तिकात त्या भर दुपारी आल्या, सोबत दिपाली. वकील वैजिनाथ यांचं ऑफिस माझ्याच दुकानाच्या वर आहे. सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की कोर्टाकडून तो मेला असं जाहीर करून घेता येतं. तसं झालं तरच दिपालीला वडिलांच्या जागी अनुकंपावर नोकरी मिळणार होती, आणि अर्जाची मुदत संपत आली होती. प्रतिज्ञापत्राच्या दोन प्रती तयार होत्या. फक्त सुनिताबाईंची सही बाकी.

"वर वकिलांनी बॉलपेन दिलतं," दिपाली म्हणाली. "आई ऐकंना. म्हणती ह्याच पेनानं करते. आन् हे उमटतच न्हाई."

"त्यांचं मरण मी लिवायचं," सुनिताबाई म्हणाल्या, "तर त्यांच्याच पेनानं. दुसऱ्याच्या पेनानं लिवलं तर त्यांच्या माघारी चोरून लिवल्यासारखं व्हईल, अप्पा."

मी काउंटरवरच्या वहीत त्यांना दोन रेघा ओढायला लावल्या. कागद खरवडला, टाकीत शाई असून उमटली नाही. मला कारण बघायची गरज नव्हती. डावखुरी नीब उजव्या हातात असंच करते. दहा मिनिटांचं काम. दगडावर थेंबभर पाणी, वर इंग्रजी आठचा आकडा काढत नीब फिरवायची, जुना उतार जातो आणि नवा येतो.

मी नीब दगडावर टेकवली आणि थांबलो. गुरुजींचा हात या जगात आता एवढ्याच टोकावर शिल्लक होता आणि तो मी घासून टाकणार होतो. समोर पंचवीस वर्षांची पोरगी कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. मी घासायला लागलो.

आयुष्यात एवढी सुरेख नीब मी घासलेली नाही. वहीत सुनिताबाईंनी 'श्री' काढला, तो लोण्यातून सुरी जावी तसा आला.

"हितंच करते सही," त्या म्हणाल्या. "वर जाईस्तोवर परत अडायचं."

त्यांनी कागद नीट लावला. मनगट उचलून, अक्षर अक्षर सुटं काढत, सही केली. शाई चमकत होती. मी टीपकागद घ्यायला मागच्या फळीकडं वळलो. फळी दोन पावलांवर आहे.

परत वळलो तेव्हा दोघी कागदाकडं बघत होत्या.

सही पुसली गेली होती. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, एकाच सरळ ओढीत, डावीकडून उजवीकडं. पट्टा तीन बोटं रुंद होता.

सुनिताबाईंनी दोन्ही हात पुढं केले. स्वच्छ. दिपालीनंही केले. मी माझे पाहिले. टीपकागद धरलेला उजवा, रिकामा डावा. दोन्ही स्वच्छ.

पंखा बंद होता. रस्त्यावर बीडची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता.

"त्यांच्या समद्या वह्या अशाच असायच्या," सुनिताबाई हळू आवाजात म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तुमाला ठाव हुतं, अप्पा?"

मी सांगितलं. लाख, अंगठा, नीब, सगळं.

दिपालीनं पिशवी काउंटरवर ठेवली. "आई, नको करू सही," ती म्हणाली. "दुसरीकडं बघीन मी कामाचं."

सुनिताबाईंनी डोळे पुसले. पदर सारखा केला. मग त्या कागदाकडं बघून, घरात जेवायला वाढताना बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "अहो, पोरीचं बघा की आता. किती दिवस धरून ठिवायचं?"



त्यांनी माझ्या काउंटरवरचं साधं बॉलपेन उचललं आणि दुसऱ्या प्रतीवर सही केली. आम्ही तिघं बघत राहिलो. बीडची गाडी गेली. सही होती तशीच राहिली.

"पेन तुमच्याकडंच ठिवा," जाताना त्या म्हणाल्या. "मला आता त्याच्याकडं बघवायचं न्हाई. आन् टाकूबी नका."

फाल्गुनात निकाल लागला. पाडव्यानंतर दिपाली एका शाळेवर रुजू झाली आणि पेढे घेऊन आली. सुनिताबाईंची तब्येत सुधारली आहे, झोप लागते म्हणाल्या. पेन माझ्या काचेच्या कपाटात आहे. नीब काढून वेगळ्या डबीत ठेवली आहे, जीभ वेगळी, टाकी वेगळी. मी ते कपाट रोज उघडून बघतो. टाकी कोरडी खडखडीत आहे, नीब माझ्या हातानं घासली तशीच आहे. या बाबतीत माझी चूक होत नाही.

ज्या दिवशी दिपाली रुजू झाली त्या संध्याकाळी माझी बायको शिवकांता ताट वाढताना म्हणाली, "डाव्या हाताला काय लावून घेतलंय?" करंगळीखालची कड निळी होती. मी धंद्यातला माणूस, शाई लागायचीच. लिंबू आणि मिठानं चोळली, गेली. सकाळी पुन्हा होती. तेव्हापासून रोज चोळतो, रोज जाते.

परवापासून दुकान बंद आहे, आम्ही लग्नाला नांदूरघाटला आलो आहोत. तीन दिवसांत मी शाईची बाटली पाहिलेली नाही. आज सकाळी आंघोळ करून पूजेला बसलो, इष्टलिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं आणि करंगळीखालच्या कडेकडं नजर गेली. निळी होती. उजव्या हाताचं बोट तिच्यावरून फिरवून पाहिलं.

बोट निळं झालं. शाई ओली होती.