दिवा गार होईपर्यंत

दुपारी नाट्यगृहात चिटपाखरूही नसायचं, आणि तीच वेळ ठिणगीच्या आवडीची. रंगमंचावरच्या दिव्यांचं काम तिच्याकडे होतं. जिभेला धार, म्हणून सगळे तिला ठिणगीच म्हणत. त्या दिवशी ती शिडीवर होती, आणि खाली कुणीतरी खोक्यातला नवा बल्ब सरळ उचलून हातात घेतला.

"अहो, हात लावू नका!"

तो दचकला. नाटकमंडळींबरोबर आलेला व्हायोलिनवाला, तालमीच्या कितीतरी आधी टपकलेला.

"फुटला नाही हो… बघा ना."

"आत्ता नाही, पेटल्यावर फुटेल." ती तरातरा खाली उतरली. हातांत सुती हातमोजे. "बोटांचं तेल काचेवर राहतं. हा बल्ब भलता तापतो, त्यात डागाची जागा आणखी तापते — आणि मग खाली बसलेल्याच्या डोक्यावर काचा!"

"म्हणजे माझ्याच. मी तिथेच बसतो."

हसू दाबत तिने स्पिरिटच्या फडक्याने काच पुसली.

"एवढा नाजूक असतो?"

"नाजूक कसला… तापट!"

"मग जपूनच वागायला हवं," तो म्हणाला — बल्बकडे न बघता.

मग तो रोजच लवकर येऊ लागला. शिडी धरायला, म्हणे. वरून तिने खाली पाहिलं, की त्याची नजर आधीच तिथे असायची.

"हल्ली गुणगुणतेस काय गं?" घरी आईने विचारलं.

"कुठे काय!" म्हणत ठिणगी कानांपर्यंत लाल झाली.

शेवटच्या प्रयोगाच्या दुपारी चाचणी करताना समोरचा एक दिवा गेला. तिने मेन स्विच बंद केला आणि रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली.

"बदलायचा नाही?" त्याने शिडी सोडत विचारलं.

"आधी गार होऊ दे. घाई केली की हात भाजतो."

तो शेजारी बसला.

"मंडळी उद्या सकाळी निघतायत," तो म्हणाला. "इथल्या संगीतशाळेने मला शिकवायला बोलावलंय. आज कळवायचंय… अजून काही ठरत नाहीये."

"शाळा चांगली आहे."

"शाळेचं कुठे विचारतोय मी?"

भल्याभल्यांना सुनावणाऱ्या ठिणगीने नुसता हातमोजा काढला, पुन्हा घातला. उद्याच्या दुपारी इथे नुसत्या रिकाम्या खुर्च्या…

"दिवा झाला का गं?" बाहेरून मॅनेजरकाका ओरडले.

"होतोय, काका!"

तो उठला. "बरं… मी सामान आवरतो."

"थांबा!"

तो वळला. तिचे डोळे जमिनीवर.

"म्हणजे… थांब."

"थांबा, की थांब?" त्याने हळूच विचारलं.

आता मात्र तिने थेट त्याच्याकडे पाहिलं. "थांब. जाऊ नकोस."

तो पुन्हा तिच्याशेजारी येऊन बसला, मघापेक्षा जरा जवळ. दिवा केव्हाच गार झाला होता. पण दोघांपैकी कुणीच उठेना.