तुळजाबाईंचा उजवा हात

जी वस्तू कोणी आपणांस दिलेली नाही, ती घरी आणल्यावर ठेवायची कुठे, याचा आपण कधी विचार केला आहे काय? चोरीचा दागिना जमिनीत पुरता येतो. सलिलने आणले ते पुरण्यासारखे नव्हते.

सलिल खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होता आणि वाघोलीत नवव्या मजल्यावर राहत होता. पाच वर्षे त्याला रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढण्याचा छंद होता. नारायण पेठेत श्रीधरपंतांचे तसबिरींना चौकटी घालण्याचे दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी असे सात-आठ छंदिष्ट जमत आणि आठवड्याचे काम पंतांपुढे मांडत. पंत सत्तरीचे. बोलत थोडे; पण जे बोलत ते ऐकणाऱ्याच्या अंगाला चिकटून राही.

एकदा सलिलने चाळीस फोटो मांडले. पंतांनी ते सावकाश पाहिले आणि चष्मा पुसत म्हणाले, "सलिलराव, कॅमेरा उत्तम आहे. फोटो त्यानेच काढलेत, हे दिसतंच आहे."

सगळे हसले. सलिलही हसला. मग पंतांनी चैतालीचे तीन फोटो उचलले आणि बराच वेळ ते खाली ठेवले नाहीत.

चैताली सरकारी कचेरीत लिपिक होती. तिचा कॅमेरा जुना, भिंग एकच. सलिलने आजवर तीन भिंगे बदलली होती. त्याने तिरके फोटो काढून पाहिले, काळेपांढरे काढून पाहिले, कॅमेरा कमरेशी लपवूनही काढून पाहिले. प्रत्येक वेळी ती दुसऱ्या कोणाची तरी रीत निघे. चैतालीची रीत मात्र तिचीच होती, आणि ती तिला घरात मिळाली होती. तिचे वडील दशरथ रोज पहाटे पंचशील म्हणत. न दिलेले घेणार नाही, हे त्यातले दुसरे शील. ते तिने कॅमेऱ्यालाही लावले होते. कचेरीच्या आधी ती पेठेतल्या एकाच रस्त्याने जाई. पहिले आठ-दहा दिवस कॅमेरा पिशवीबाहेर काढत नसे. ओळख झाली की विचारी. हो म्हटले तर फोटो, आणि त्याची पहिली प्रत त्या माणसाला. नाही म्हटले तर हात जोडून ती तिथेच दोन मिनिटे बसे आणि पुढे जाई.

हे सलिलला ठाऊक होते. तिच्याविषयी त्याला सर्वच ठाऊक होते. तिच्या कोणत्या फोटोला किती जणांनी दाद दिली, हे त्याला पाठ असे. स्वतःचे आकडे तो विसरे. तिच्या एखाद्या फोटोत कड वाकडी सापडली, की त्याचा तो दिवस चांगला जाई.

मार्गशीर्षात या रविवारच्या मंडळाचे प्रदर्शन ठरले. दारासमोरच्या भिंतीवर एकच फोटो लागणार होता. ती भिंत कोणाची, हे पंत ठरवणार होते. सलिलला ती भिंत हवी होती. घरी पत्नी अपूर्वाशी तो दुसरे काही बोलत नसे.

एका रविवारी चैताली चौकटी उचलू लागायला खाली गेली. तिची वही मेजावर राहिली. सलिलने ती उघडली. तिच्यात न काढलेल्या फोटोंची टिपणे होती. एक नाव पुन्हा पुन्हा आले होते: तुळजाबाई, बेल-दुर्वा, गल्लीचे वळण. सात वाजून वीस मिनिटे. समोरच्या खिडकीच्या काचेवरून ऊन थेट हातावर. नकार. पुढे तारखांची रांग होती. वर्षभर त्या बाईने नाही म्हटले होते आणि वर्षभर चैताली तिच्याजवळ बसली होती.

मत्सरी माणसाला दुसऱ्याचा संयम दिसत नाही. तिथे त्याला लपवलेला साठा दिसतो. सलिलला वाटले, ही बाई तिने भिंतीसाठी राखून ठेवली आहे.

मंगळवारी अंधार असतानाच तो निघाला. अपूर्वाला त्याने सांगितले, परदेशातल्या लोकांशी बैठक आहे. थंडी होती. गल्लीत दूधवाल्याच्या किटल्या वाजत होत्या, कोणी अंगणात पाणी टाकत होते. वळणावर आल्यावर मात्र ते आवाज मागे राहिले. दार लावून घ्यावे तसे. ओल्या दुर्वांचा आणि बेलाचा वास तेवढा येत होता.

तुळजाबाई पायरीवर बसल्या होत्या. कृश, डोक्यावरून पदर, पुढ्यात टोपली. सलिल समोरच्या बोळात उभा राहिला. कॅमेरा अजून पिशवीतच होता. तरीही त्यांनी उजवा हात उचलला आणि तळवा त्याच्याकडे करून चेहऱ्यापुढे धरला.

सात वाजून वीस मिनिटांनी काचेवर ऊन आले आणि त्या तळव्यावर पडले. एकेक रेघ उजळली.

मागे फिरण्याची बुद्धी देव प्रत्येकाला एकदा देतो. सलिललाही दिली. बटणावर त्याचे बोट थांबले. मग त्याला ती भिंत आठवली.

खटक्याचा आवाज गल्लीत फार मोठा झाला. हात खाली आला नाही. हाताच्या आडून हलका आवाज आला.

"घेतलंस... बरं. आता संभाळ."

पंतांनी तो फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "हा तुमचा आहे," ते म्हणाले. पाच वर्षांत प्रथमच त्यांनी असे म्हटले होते. भिंत सलिलची झाली.

प्रदर्शनाच्या दिवशी चैताली आली आणि त्या भिंतीपुढे उभी राहिली. सलिल मुद्दाम जवळ गेला. तिच्या तोंडावर काय उमटते ते त्याला पाहायचे होते.

"त्यांनी हो म्हटलं?" तिने विचारले.

"रस्ता सगळ्यांचा असतो."

"मी रस्त्याचं नाही विचारलं."

मग तिने सांगितले, तेही खालच्या आवाजात. त्या मंगळवारपासून तुळजाबाईंचा उजवा हात उचलत नाही. ती स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन गेली होती. डॉक्टरांना दोष सापडला नाही. हात गरम नाही, सुजलेला नाही. मांडीवर नुसता पडून असतो. गिऱ्हाईक आले की त्या डाव्या हाताने तो उचलून बाजूला ठेवतात, एखादी वस्तू ठेवावी तसा.

सलिलने खांदे उडवले. त्या रात्री त्याला उत्तम झोप लागली.

पुढच्या रविवारी त्याने लक्ष्मी रस्त्यावर काढलेल्या फोटोंत कोपऱ्यात एक धूसर डाग होता. भिंगापुढे आपले बोट आले असेल, असे त्याला वाटले. त्यानंतरच्या रविवारी डागाला बोटे आली. तिसऱ्या रविवारी रेघा दिसल्या. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याने तो उघडून तपासला आणि त्याच कॅमेऱ्याने भिंतीचा, पंख्याचा, झाडाचा फोटो काढून दाखवला. सगळे स्वच्छ होते. सलिलने त्या माणसाचा फोटो काढला. चेहऱ्याच्या जागी तळवा होता.

दुरुस्ती करणाऱ्याने पडद्यावर पाहिले आणि म्हणाला, "चांगला आलाय की." त्याला तळवा दिसत नव्हता.

सलिलने फोटो काढणे सोडले. वाटले, सुटलो. पण एके सकाळी कचेरीच्या लिफ्टमध्ये रखवालदाराने त्याला नमस्कार केला, आणि त्या गणवेशावर, टोपीखाली, तो हात होता. कॅमेरा नव्हता. मध्ये काच नव्हती. सलिलने डोळे चोळले. मजल्यावर सहकारी बसले होते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यापुढे तो एकच हात होता. कोणी बोलले की त्याची बोटे किंचित हलत, श्वासाचा वारा लागावा तशी. घरी अपूर्वाच्या चेहऱ्यापुढे तोच. आरशातही तोच. दाढी तो चाचपून करू लागला.

शेवटी तो चैतालीकडे गेला. तिने त्याला बोल लावला नाही. मात्र तिच्या आवाजात दया आहे की तिरस्कार, हे चेहरा दिसत नसल्याने त्याला कळले नाही, आणि त्या अवस्थेतही हे त्याला टोचले. ती त्याला वळणावर घेऊन गेली. भिंतीवरचा फोटो त्याने बरोबर आणला होता. तो त्याने पायरीवर ठेवला आणि वाकून क्षमा मागितली. म्हणाला, हे परत घ्या.

तुळजाबाई दुर्वांच्या जुड्या बांधत होत्या, एका हाताने आणि दातांनी.

"परत कसं घिऊ, लेकरा?" त्या म्हणाल्या. "मी दिलंच न्हवतं."

त्या रागावल्या नव्हत्या. तेच अधिक भयंकर होते.

चैत्रात तुळजाबाई वारल्या. चैताली आणि दशरथ अंत्यसंस्काराला गेले. सलिलही गेला आणि शेवटपर्यंत थांबला. तो हात अग्नीत गेलेला त्याने पाहिला. जे होते ते आता उरले नाही, असे मनाशी म्हणत तो घरी आला. दार अपूर्वाने उघडले. हात तिथेच होता, आणि त्याला राखेचा वास येत होता.

पुढे अपूर्वाला मुलगी झाली. परिचारिकेने बाळ त्याच्या ओंजळीत दिले आणि सांगितले, तुमच्याकडेच पाहते आहे. सलिलने पाहिले. मग त्याने बाळ परत दिले आणि भिंतीकडे तोंड करून तो उभा राहिला.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. तिचा चेहरा त्याने अद्याप पाहिलेला नाही. अपूर्वा सांगते, हनुवटी तुझ्यासारखी आहे. ती त्याने बोटांनी चाचपली आहे. इतर सर्वांच्या चेहऱ्यापुढे येतो तो म्हातारीचा, सुरकुतलेला हात. मुलीच्या चेहऱ्यापुढे येतो तो मात्र पहिल्या दिवसापासून लहान आहे. मऊ, गुलाबी, तळवा त्याच्याकडे केलेला. आणि तो तिच्याबरोबर वाढतो आहे.