बांधलेली तिरडी

"एक तिरडी पाहिजे," प्रफुल दुकानात येऊन म्हणाला — आणि चक्क हसला!

अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात कोणी हसतं का हो? बांबू, मडकं, कोरं कापड... सारं पुलगाव तोंड पाडूनच आमची पायरी चढतं. मी डोळे वटारले.

"कोण गेलं?"

"कोनी नाई. माह्या व्हिडिओ हॉलमधी सिनेमा लागून राह्यला. तिरडी दारात ठेवतो, पब्लिक येईन!"

टीव्हीवरच्या जुन्या मालिकेचाच सिनेमा काढला होता. घरचे रडायला बसले की तिरडीवरचा आजोबा उठून चहा मागतो, असलं ते येडं कुटुंब. लहानपणी मी पोट धरधरून हसायचे.

"बाबा म्हनतात, बांधलेली तिरडी रिकामी राहत नाई. मानूस घेऊनच जाते."

"अन् तू काय म्हनते?" त्यानं वाकून विचारलं. मेल्याचे डोळे... काय सांगू!

बाबा सेलूला गेले होते. मी सुतळी काढली. बांधताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यानं बाजूला घेतली नाहीत — मीही नाही. लोक माझ्या हातचं पाणी प्यायला कचरतात, आणि हा...!

संध्याकाळी त्यानं मला सिनेमाला बसवलं, त्याच्या वडिलांशेजारी. हिरालालजी हसून हसून बेजार झाले. त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले.

झालं! मोतीलालच्या पोरीनं तिरडी बांधली अन् प्रफुलचा बाप खाल्ला, असं गाव बोलू लागलं. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला मात्र एकच भीती होती — प्रफुललाही तसंच वाटत असेल का?

तेरवी झाल्यावर तो आला. डोक्याचं मुंडन, तोंड उतरलेलं.

"तू मानतो का हे?" मी विचारलं.

"काऊन मानू? बाबाचं हार्ट खराब होतं. रीता, मले तूच पाहिजे... लगीन करीन तं तुह्यासंगच."

माझा जीव भांड्यात पडला.

"पन माय मानते," तो खाली बघत म्हणाला. "म्हनते, मी मेल्यावर आन तिले घरात... थांबशीन?"

कशासाठी थांबायचं, ते दोघांनाही कळत होतं.

"तुह्या मायले शंभर वर्षं लाभोत," मी म्हटलं. देवाशपथ, मनापासून म्हटलं. "अन् मी थांबते."

बरीच वर्षं उलटली. अजूनही त्याची माय, सुलोचनाबाई, नुसती खोकली तरी डॉक्टरांना पहिला निरोप माझाच जातो. मला माझ्याच मनाची धास्ती वाटते.