बदामीच्या रक्ताची नळी

नाशिकच्या पशुरोग प्रयोगशाळेत समोरच्या तरुणाने बर्फाच्या डब्यातून रक्ताची नळी काढली आणि तिथे तपासण्या करणाऱ्या रुखसारने कपाळावर हात मारला.

"हे बर्फात कुणी ठेवलं?"

"मीच!" तो ऐटीत म्हणाला. "ओवेस. पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजला हाय मी. द्राक्षं दुबईपर्यंत ताजी जातात आमची, मॅडम. हे तर नाशिकपर्यंतच आणायचं होतं."

"अहो, या तपासणीला रक्तातल्या पेशी जिवंत लागतात! रात्रभर त्यांना क्षयाच्या जंतूंचा अर्क देतो आम्ही. ओळखीचा निघाला तर त्या खवळतात... म्हणजे गाय आजारी. तुमच्या पेशी गारठून मेल्या."

"माझ्या नाय... बदामीच्या."

रुखसारला हसू आवरेना. पण त्याचा चेहरा पडला होता. बदामी सात महिन्यांची गाभण. कातडीवरची चाचणी संशयास्पद आली, म्हणून तिला गोठ्यापासून लांब एकटीच बांधली होती. रक्तातही आजार निघाला, तर ती गोठ्यातून कायमची जाणार.

"अम्मीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलीय तिला. कालपासून अम्मी जेवली नाय," तो म्हणाला. आपण उगाच तोंड टाकलं, असं रुखसारला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरांकडून पुन्हा रक्त काढून घेऊन तो एसटीने आला. नळी रुमालात गुंडाळलेली, त्यावर दोन्ही हात... नि स्वतः घामाघूम.

"जिवंत हायेत ना?"

"त्या आहेत. तुम्ही आधी श्वास घ्या!"

निकाल हाती यायला चार दिवस लागणार होते. मग त्याचे फोन सुरू झाले. "खवळल्या का हो?" सकाळी एकदा, दुपारी दोनदा. रुखसार वैतागल्यासारखं बोलायची. संध्याकाळी फोन आला नाही, तर मात्र तिचं कामात लक्ष लागेना.

निकाल फोनवर सांगता आला असता. तिने त्याला बोलावून घेतलं.

"बदामी ठणठणीत आहे."

ओवेसने बाहीने डोळे पुसले, अम्मीला फोन केला. मग तो तिथेच घुटमळला.

"म्हणजे... आता माझं इथं काम नाय. दुसऱ्या गायींचं रक्त आणू?"

"चांगल्या गायींना सुया टोचू नका उगाच!" ती म्हणाली खरी, पण तो दाराकडे वळला. हा गेला तर गेलाच.

"रविवारी अब्बा घरी असतात," ती घाईने म्हणाली. "अम्मीला घेऊन या."

"अम्मीला... काय सांगू?"

"खरं ते सांगा. मला तुम्ही आवडता. आणि तुम्हाला मी—"

"लय!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की अख्खी प्रयोगशाळा वळून बघायला लागली.